वाढवलेली पोत

पुण्याला मी काही फिरायला गेले नव्हते. माझ्या आईची पोत पुण्याला निघाली होती, आणि तिला एकटीला पाठवायची माझी छाती होईना, म्हणून मी तिच्या सोबतीला गेले. आमच्या गावची पोरं कंपन्यांमध्ये कामाला म्हणून पुण्याला पुष्कळ गेली आहेत. बाया कुणी गेलेल्या नाहीत. मी कामाला असते त्या अंगणवाडीत येऊन त्या मला विचारत राहतात, "कसं आहे जी पुणं?" एकेकीला सांगून तोंड दुखलं, म्हणून हे लिहून ठेवते.

आधी पोतीचं सांगते. आमच्या भंडाऱ्याकडे गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या माळेला पोत म्हणतात. आईच्या पोतीत काळ्या मण्यांच्या मधे मधे ओतीव पितळी मणी आहेत, गव्हाच्या दाण्यासारखे. सोनं नखाएवढंही नाही. आणि बरोबर मध्यावर, छातीवर येईल तिथे, अंगठ्याएवढी जागा रिकामी. नुसता दोरा. तिथे पूर्वी देवीचा टाक होता, पत्र्यावर उठवलेला. आई नवी नवरी असताना आमच्या घराने नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर आईने टाकाची कडी उघडून तो काढला आणि वैनगंगेत सोडला. मणी मात्र तिने सरकवले नाहीत. बाबा म्हणायचे, "मणी सारून घे, उघडं दिसते." आई म्हणायची, "होतं आणि काढलं, एवढं समजू द्या लोकाले." जन्मभर ती पोत तिने तशीच घातली, आणि ती गेल्यावर पोत माझ्याकडे आली. दोऱ्याचं मेण आणि तिचा घाम यांनीच मणी आपापल्या जागी धरून ठेवले होते.

आता केतकीचं. केतकी पुण्याची. आधी संगणकाच्या कंपनीत होती, ती नोकरी सोडून दागिने करायला लागली. सोनारकाम नव्हे. आपल्या मनाने एकेकच दागिना करायचा, त्यासारखा दुसरा नाही, चित्रकार चित्र काढतो तसा. भंडाऱ्याला पितळेचे कारागीर बघायला ती आली, तेव्हा कुणाच्या ओळखीने आमच्या घरी उतरली. माझा एक डोळा तेव्हा जवळजवळ गेलेला. तिने नागपूरच्या एका डॉक्टरांना फोन केला, आणि माझं ऑपरेशन झालं. आज हे लिहिते आहे ते त्याच डोळ्याने.

पण खरं सांगू का, उपकार झाला की मला झोप लागत नाही. सातवीत शाळा सुटली आणि बिड्या वळायला बसले, तेव्हापासून जे मिळालं ते हातांनी मिळवलं. फुकटचं कुणी दिलं की मी वाट बघत बसते, आता हा काय मागतो. केतकीने वर्षभर काहीच मागितलं नाही. मग फोन आला. पुण्यात प्रदर्शन होतं, आणि प्रत्येक कलाकाराने आपल्या कामाशेजारी एक जुना दागिना मांडायचा होता, ज्याच्यावरून त्याला काही सुचलं असा. तिला आईची पोत हवी होती, त्यातल्या पितळी मण्यांसाठी. "आणि तुम्हीपण या ताई, तिकीट पाठवते."

म्हटलं, आलं मागणं. दागिने उजळून देतो म्हणत येतात आणि पाणी आणायला गेलं की पसार होतात, त्यांच्या बातम्या मी अंगणवाडीतल्या बायांना वाचून दाखवते. पण नाही कसं म्हणायचं? डोळा तिचा. मी हो म्हटलं, आणि पोत पोलक्यात ठेवून निघाले. वाटभर हात छातीवर घट्ट धरून बसले होते. समोरच्या बाईने मला तिची शाल देऊ केली, थंडी वाजते समजून. मी तिचीही शंका घेतली.

सदाशिव पेठ

केतकी स्टेशनवर स्कूटर घेऊन आली होती. मागे बसून मी पुणं पाहिलं ते डाव्या बाजूचंच, कारण उजवीकडे मान वळवायची भीती वाटत होती. चौकाचौकात पोरंपोरी कंपनीच्या बसची वाट बघत उभी. सगळ्यांच्या गळ्यात एकसारखे पट्टे, आणि पट्ट्याला ज्याचा त्याचा फोटो. आमच्याकडे फोटोला हार घालतात. इथे जिवंत माणूस आपलाच फोटो गळ्यात घालून फिरतो, याची मला पहिल्यांदा गंमत वाटली आणि मग जरा कसंतरी झालं.

सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर केतकी आणि तिची आई राहतात. आईंना सगळे माई म्हणतात.

"या," माई म्हणाल्या. "प्रवास झाला ना? झालाच असणार. नाहीतर इथे कशा आल्या असतात."

मी हसावं की नाही ते कळेना. पाया पडायला वाकले, तर त्या मागे सरकल्या. "राहू दे हो. आपण एका वयाच्या आहोत." मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी अजून काहीच म्हणाले नव्हते. "मेश्राम," म्हटलं.

"हं. तिकडचं," म्हणाल्या आणि आत गेल्या. तिकडचं म्हणजे भंडाऱ्याकडचं की आणखी कुठलं, ते मी दिवसभर मनात घोळवत राहिले. चहा आला. दोघींचे कप निळ्या काठाचे, माझा तपकिरी फुलाचा. मी त्या कपाकडे पाहत बसले. चहा पिऊन मीच उठून तो विसळायला गेले, तर माईंनी हातातून घेतला. "ठेवा. फुटला तर सेट मोडेल," म्हणाल्या. एका कपाचा कसला सेट? त्या कपाचं मला आजही नक्की कळलेलं नाही.

जेवायला आमटी होती. पहिला घास घेतला आणि मी थांबले.

"माई, यात गूळ आहे काय?"

"आहे. चुकून पडलेला नाही."

मग त्यांनी हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. मी तो आमटीत कालवून खाल्ला आणि आणखी मागितला. माई बघत राहिल्या. "अहो, ते तोंडी लावणं आहे, भाजी नव्हे." पण वाटी माझ्याजवळच ठेवली.

निजताना मी पोत उशीखाली ठेवली. सकाळी माई पांघरुणं घडी करताना म्हणाल्या, "उशीखाली काय आहे ते माहीत आहे आम्हाला. कुणाला नको आहे ते." मला इतकी लाज वाटली की पोत त्यांच्याच हातात द्यावीशी वाटली. पण ठेवली पोलक्यातच.

शनिवार पेठ

केतकीचं काम चालतं ती खोली शनिवार पेठेत, लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाच्या वर. जिना चढताना शाईचा वास येतो. दाराशी मी चप्पल काढून आत गेले आणि पहिल्यांदा वाटलं, आपण भंगारवाल्याकडे आलो.

भिंतीवर गळ्यातली टांगलेली. एक सायकलच्या ट्यूबचं, बारीक कापून जाळीसारखं विणलेलं. एक जळक्या दुधाच्या पातेल्याच्या बुडाचं. तो काळा डाग तिने घासला नव्हता, उलट त्याच्याभोवती चांदीची तार फिरवली होती. कानातले संगणकाच्या आतल्या रंगीत पट्ट्यांच्या तुकड्यांचे. आणि एक तो कंपनीचा पट्टा, खराखुरा, त्याला फोटोच्या जागी संगणकाची कोरी बटणं ओवलेली. बटणांवरची अक्षरं खरवडून काढली होती.

"चार वर्षं माझ्या गळ्यात होता तो," केतकी म्हणाली. "रोज दारावर टेकवायचा, दार उघडायचं. नोकरी सोडली त्या दिवशी परत द्यायला विसरले."

"आणि हे घालते कोण?" मी विचारलं.

"घालतात की. थोडे लोक. बाकीचे बघतात आणि हसतात."

तिच्या खोलीत नचिकेत नावाचा आणखी एक कलाकार काम करतो. केस मागे बांधलेले, आवाज बारीक. तो अंगठ्या करतो, पण हिऱ्याच्या जागी पाडलेल्या घरांच्या भिंतींचा चुना आणि विटेचे खडे बसवतो. नव्या सोसायट्या उठताहेत ना, तिथे जाऊन तो खडे वेचतो. मी म्हटलं, "दादा, बोटात भिंत घालून कोण फिरते?"

"ताई, लोक बोटात हिरा घालतात. तो कुठे झाडाला लागतो? दगडच तो." मग त्याने एक अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. "ही माझ्या मित्राच्या खोलीची आहे. ती भिंत निळी होती." खडा खरंच निळा होता, एका बाजूला. मला ते आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही. आवडलं म्हटलं की माणूस सैल पडतो.

कारण माझी नजर दुसरीकडे होती. टेबलावर बारीक तराजू. ॲसिडची बाटली. काळा कसोटीचा दगड. फुंकणी, चिमटे, मुशी. सोनाराचं सगळं सामान होतं आणि सोनं तेवढं नव्हतं. मग सोनं जातं कुठे? भंगाराच्या माळा हसायला, आणि आतला धंदा वेगळाच, असं माझ्या मनाने धरलं. माझ्या पोतीत सोनं नाही हे मला ठाऊक होतं. पण तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

"बघू?" केतकीने हात पुढे केला.

मी पाठ करून पोत काढली आणि दिली. तिने डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक पितळी मणी फिरवून बघितला. "हाताने ओतलेत सगळे. एकसारखा एकही नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला जसा आमच्याकडे नव्या बाळाला बघताना बायांचा होतो. तेवढ्यापुरती मला ती आपली वाटली. मग तिचं बोट मध्यावर आलं.

"तिथं हात नका लावू," मी म्हटलं.

"नाही लावत. काय आहे तिथे?"

"काही नाही."

आणि ते खरंच होतं.

पोत मांडायला स्टँड करायचा होता, म्हणून ती दिवसभर तिच्याकडे ठेवावी लागणार होती. मी म्हटलं, मी बसते इथेच. पण खोलीत ॲसिडचं काम निघालं, धूर होणार, डोळ्याला बरं नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला," केतकी म्हणाली. "माईबरोबर कात्रजला जाऊन या. प्राणी बघा."

डोळ्याचं नाव निघाल्यावर मी चप्पल पायात घातली.

कात्रज

"घरी कुणीही आलं की केतकी मला कात्रजला पिटाळते," माई बसमध्ये म्हणाल्या. "साप आता ओळख दाखवतात."

मला सापांकडे धाडलं आणि पोत ठेवून घेतली, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. कात्रजला मोठी झाडं आहेत, तळं आहे, शाळेची मुलं रांगेत ओरडत होती. आम्ही काचेतल्या नागासमोर उभ्या राहिलो. तो झोपला होता. आमच्याकडे नाग काचेत नसतो, भाताच्या बांधीत असतो, आणि रोवणीच्या दिवसांत त्याला बघायला कुणी तिकीट काढत नाही. मी माईंना सांगितलं, एकदा रोपं रोवताना माझ्या पोटरीवरून गेला होता.

"मग?"

"मग काय जी. मी उभी राहिली, तो गेला."

माईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो, त्यांनी पिशवीतून पोळीभाजी काढली. पोळी मऊ होती. भाजीत गूळ होता. मी खात राहिले. तेवढ्यात माईंचा मोबाईल वाजला, आणि त्यांनी तो कानाला लावून लगेच माझ्याकडे दिला. "तुमच्यासाठी आहे."

"ताई," केतकीचा आवाज. "एक सांगायचं होतं, रागावू नका हं. तुमची पोत मी जरा वाढवलीय."

माझ्या हातातली पोळी खाली पडली. बांगडी फुटली, पोत तुटली, असं आपण कधी तोंडाने म्हणत नाही. अभद्र नको म्हणून वाढवली म्हणतो. पुढे ती काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. फोन मी माईंच्या मांडीवर ठेवला.

"काय झालं? काय म्हणाली?"

"वाढवली म्हणते."

"वाढवली?" माईंचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई माझे." फोन त्यांनी तसाच पिशवीत टाकला, डबा तसाच उघडा, आणि उठल्याच. बसकडे त्यांनी बघितलंही नाही. "रिक्षा! शनिवार पेठ. मीटरने चला, आणि गप्प चला."

रिक्षावाला गप्प राहिला. मी पदर तोंडात धरून बसले होते. मनात एकच, हे होणार होतं, आपल्याला कळत होतं, तरी दिली. माईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

"माझं मंगळसूत्र एकदा नळाला अडकून वाढलं होतं," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "हे दवाखान्यात होते तेव्हा. मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकांनी काय ते ओळखलं असेल म्हणा."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा गळा मोकळा होता. आल्यापासून माझं लक्ष त्यांच्या कपांकडे होतं, गळ्याकडे नव्हतं.

पुन्हा शनिवार पेठ

जिना माई माझ्याआधी चढल्या. केतकी दारातच, हातमोजे घातलेली, घाबरलेली. "फोन का उचलत नाही? काय झालं?"

"आम्हाला काय विचारतेस? तू काय केलंस ते सांग. वाढवलीस म्हणे!"

"हो, वाढवली. स्टँडचा गळा मोठा आहे, पोत पुरत नव्हती. म्हणून मागे दोरा जोडून लांबी वाढवली. तो सुटतो, परत काढता येतो. त्यात एवढं काय?"

माई तिच्याकडे बघत राहिल्या. "पोत वाढवली असं म्हणतात का, कार्टे? तुटली की म्हणतात तसं!"

"मला काय माहीत!"

"कुठल्या भाषेत शिकलीस?"

"इंग्लिशमध्ये! तूच घातलंस त्या शाळेत!"

नचिकेत कोपऱ्यात खाली मान घालून हसायला लागला, आणि मग मलाही हसू आलं, रडू येत असतानाच. माई स्टुलावर बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. "आमची चूक. मराठी शिकवणी लावायला हवी होती." एवढं सगळं ओझं उतरलं की मी केतकीचे हात हातात घेतले, आणि म्हटलं, "दाखवा मले."

घाबरले किंवा आनंद झाला की माझं 'मला' राहत नाही, 'मले' होतं.

पोत लाकडी स्टँडवर होती. पितळ लखलखत होतं. काळे मणी ओले असल्यासारखे. मण्याला मणी लागून, वरपासून खालपर्यंत, सलग.

"जागा कुठं गेली?" मी म्हटलं.

"कुठली जागा?"

"मधली."

केतकीने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "दोरा जोडण्याआधी मी कोमट पाण्यात धुतली. खूप मळ होता. धुतल्यावर मणी सैल झाले आणि आपोआप... मी तिथे हात लावला नाही ताई. खरंच."

खरं की खोटं, ते मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. आणि मग मी सांगितलं. टाक, दीक्षा, वैनगंगा, आणि आई काय म्हणायची ते. आमच्या घराबाहेर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सदाशिव पेठेतल्या बाईसमोर सांगेन असं तर स्वप्नातही नव्हतं. खालच्या दुकानातलं छपाईचं यंत्र खडखडत होतं. सांगून झाल्यावर माई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तो मळ नव्हता."

"नव्हता जी."

केतकीने हातमोजे काढले, कपाटातून मेणाचा गोळा आणला, पोत स्टँडवरून उतरवून मऊ कापडावर ठेवली. "मण्यांच्या खालून दोऱ्याला मेण भरता येईल. मग ते हलणार नाहीत. पण मला सांगा, जागा किती होती?"

"अंगठ्याएवढी."

"तुमच्या, की आईंच्या?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी आपली माझा अंगठा ठेवून बघायची, तो बसायचा, बस्स. पण आई बारकी होती. तिचा अंगठा बिड्या वळून चपटा झालेला, माझाही झालेला. तिचा रुंद की माझा, ते आठवेना. डोळे मिटून बघितलं तरी आठवेना. आईने मोकळी सोडलेली जागा गेली ती गेली, ती आता कुणालाच परत आणता येणार नव्हती. केतकीलाही नाही, मलाही नाही.

"मी सरकवते," मी म्हटलं.

केतकी बाजूला झाली. मी माझा अंगठा दोऱ्यावर ठेवला, आणि एका हाताने इकडचे मणी इकडे, तिकडचे तिकडे सारले. टाक होता तिथे परत नुसता दोरा दिसला, नवा धुतलेला, पांढरट. मग केतकीने मेण मऊ करून मण्यांखाली भरलं, सुईच्या टोकाने, श्वास धरून. माई उभ्या राहून बघत होत्या. "डावीकडे जरा जास्त झालं," म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

संपल्यावर केतकी कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत बसली. मला ती नजर कळली. पितळी मणी बघताना होती त्यापेक्षा वेगळी.

"ताई," ती म्हणाली, "मी माझ्या एखाद्या गळ्यातल्यात अशी जागा ठेवली तर? मीसुद्धा काहीतरी काढलंय गळ्यातून. तो पट्टा."

डोळा आठवला. तिकीट आठवलं. खाल्लेली आमटी आठवली. वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते मागणं हेच, असं वाटलं, आणि ते सोनं नव्हतं, काहीच नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही काढला तो तुमच्या भिंतीवर आहे. आईनं काढला तो नदीत गेला."

मला वाटलं, आता संपलं. आता ही म्हणेल, एवढं केलं तुमच्यासाठी. केतकीचा चेहरा लाल झाला. नचिकेतने चिमटा खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "बरं." आणि मेणाचा गोळा कपाटात ठेवायला उठली.

माई रिक्षाने पुढे गेल्या, मी केतकीच्या स्कूटरवर मागे बसून घरी आले. माईंनी जेवायला वाढलं, आमटी तिखट होती. "आज गूळ संपला होता," त्या म्हणाल्या. डब्यात तो होता, मला दिसला.

प्रदर्शन

हॉल मोठा होता, पांढऱ्या भिंती आणि एवढे दिवे की कुणाची सावली पडत नव्हती. प्रत्येक काचेच्या पेटीत एक नवा दागिना आणि शेजारी एक जुना. नचिकेतच्या अंगठीशेजारी त्याच्या आजोबांची लोखंडी अंगठी होती, शनीची. कुणाच्या काचेच्या माळेशेजारी बैलाची घुंगरमाळ. लोक हळू बोलत होते, आजाऱ्याला बघायला आल्यासारखे, आणि लांबून बघून मान हलवत होते. काही तरुण पोरं गळ्यात पट्टे घालूनच आली होती, थेट कामावरून. केतकीचा बटणांचा पट्टा पोतीच्याच पेटीत होता, ती त्याच्यासमोर येऊन थांबत, आणि एकाने नकळत आपला पट्टा सदऱ्याच्या आत सारला.

आईच्या पोतीशेजारी केतकीने पाटी लावली होती. आधी तिने मला विचारलं होतं, काय लिहू? रिकाम्या जागेचं लिहू का? मी म्हटलं, नको. फक्त नाव लिहा. म्हणून पाटीवर एवढंच होतं: पोत. भागरताबाई रामटेके, भंडारा. माझ्या आईचं नाव रेशन कार्डाशिवाय आणखी कुठे छापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आनंद वाटायला पाहिजे होता, वाटलाही. पण मी पेटीपासून हलले नाही. काचेला कुलूप होतं. सकाळी मी केतकीला म्हटलं होतं, "किल्ली माझ्याजवळ राहू द्या." तिने जुडग्यातून काढून दिली, का म्हणून विचारलं नाही. ती मी मुठीत धरून उभी होते.

माई खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वरून खाली न्याहाळत होत्या. चहा आला तर म्हणाल्या, "पाणीच आहे, पण गरम आहे, घ्या."

मग एक बाई आली. माझ्याहून मोठी, रेशमी साडी, गळ्यात टपोऱ्या मोत्यांचा सर. तिने सगळ्या पेट्या नीट पाहिल्या होत्या, चष्मा वर-खाली करून. पोतीसमोर आली आणि वाकली.

"अहो, इथला मणी पडलाय," ती मोठ्याने म्हणाली. "एवढं मांडलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?"

दोन-तीन माणसं वळून बघू लागली. केतकी पलीकडून लगबगीने निघाली, तिला सांगायचं होतं, मला दिसलं. तिने सांगितलं असतं तर चांगलंच सांगितलं असतं, माझ्यापेक्षा नीट शब्दांत. मी तिच्याकडे बघून हात वर केला. ती जागच्या जागी थांबली.

"पडला नाही जी," मी म्हटलं. "काढला."

बाईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या सुती लुगड्याकडे, पाटीकडे, मग परत माझ्याकडे.

"कुणी?"

"आईनं."

"का?"

माझ्या मुठीत किल्ली ओली झाली होती. या बाईचं नाव मला माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, मनात काय आहे ते तर नव्हतंच. मी वाकून कुलपात किल्ली फिरवली आणि काच उघडली.

"इकडून या," मी म्हटलं. "जवळून बघा."